मध्ययुगीन इंग्लंडमधले परदेशी आणि त्यांच्यावरचा टॅक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिंगला राहतो, नोकरी आयटीतली, आणि ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर जुन्या ॲबीचे, म्हणजे ख्रिस्ती मठाचे, अवशेष आहेत, म्हणजे छप्पर उडालेल्या, गारेच्या दगडांच्या ओबडधोबड भिंती. ऊन असलं की मी डबा घेऊन तिथे जाऊन बसतो. एकदा सहज वाचताना कळलं की इंग्लंडमधल्या परदेशी लोकांवरचा पहिला डोईकर जानेवारी १४४० मध्ये ह्याच ॲबीत भरलेल्या पार्लमेंटनं मंजूर केला होता, आणि मी तिथे बसून पोळीभाजी खातोय, व्हिसावाला! तेव्हापासून जो भेटेल त्याला हे सांगत सुटलोय आणि लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

नक्की टॅक्स काय होता?

बारा वर्षांवरच्या, इंग्लंडबाहेर जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माणसावर दर वर्षी ठरावीक रक्कम. ज्याचं स्वतःचं बिऱ्हाड आहे त्याला १६ पेन्स, आणि जो दुसऱ्याच्या घरी नोकर म्हणून किंवा असाच राहतो त्याला ६ पेन्स. कमाई किती, माल किती, काही विचारायचं नाही, फक्त जन्म कुठला आणि चूल स्वतःची की दुसऱ्याची एवढंच. सुरुवातीला हा टॅक्स तीन वर्षांसाठी म्हणून आणला होता, पण एकदा लावलेला कर आपणहून जातोय कशाला, थोडेफार बदल करत, मध्ये खंड पाडत, तो पुढे १४८० च्या दशकापर्यंत येतच राहिला.

१६ पेन्स म्हणजे किती? फार होते का?

तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगचा एक पौंड, म्हणजे २४० पेन्सचा पौंड. साध्या मजुराला दिवसाला साधारण ४ पेन्स मिळायचे आणि सुतार-गवंडी अशा कसबी माणसाला ६. म्हणजे बिऱ्हाडवाल्या मजुराची वर्षाला चार दिवसांची मजुरी, आणि नोकर माणसाचा दीड दिवस. कंबरडं मोडणारा वगैरे नव्हता. मी इथे व्हिसा काढताना हेल्थ सरचार्ज म्हणून वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ मोजलेत, त्यामानाने तर... असो, ही तुलना बरोबर नाही मला माहितीये, पण मनात येते त्याला मी काय करू.

खरी बोच रकमेत नव्हतीच असं माझं मत झालंय. बोच यादीत होती. त्यावर येतो.

हा टॅक्स तेव्हाच का सुचला?

फ्रान्सशी शंभर वर्षांचं युद्ध चालू, तिजोरी रिकामी, राजा सहावा हेन्री जेमतेम अठरा वर्षांचा. त्यात १४३५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकनं इंग्रजांची साथ सोडून फ्रान्सशी तह केला आणि १४३६ मध्ये कॅलेला, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या ताब्यातल्या बंदराला, वेढा घातला. फ्लँडर्स, ब्राबंट (आजच्या बेल्जियमकडचे), हॉलंड ह्या सगळ्या बर्गंडीच्या ताब्यातल्या मुलखांतली हजारो माणसं तेव्हा इंग्लंडमध्ये चपला शिवत होती, कापड विणत होती, बिअर गाळत होती, आणि एका रात्रीत ती सगळी शत्रूची माणसं झाली. त्यांना राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, १४३६ मध्ये सुमारे १,८०० जणांनी ती घेतल्याची नोंद आहे. म्हणजे वातावरण आधीच तापलेलं होतं. पार्लमेंटमधल्या लोकांना स्वतःवर कर नको होता, मग ज्याला मत नाही आणि ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही त्याच्यावर टाकला.

परदेशी म्हणजे नेमका कोण? स्कॉटिश, वेल्श, आयरिश?

वेल्श सुटले. स्कॉटिश परदेशीच, कारण तो वेगळा देश आणि बऱ्याचदा शत्रू. गंमत आयरिश लोकांची झाली. आयर्लंड इंग्लंडच्याच राजाचं, म्हणजे हे लोक राजाची प्रजा, तरी १४४० मध्ये त्यांना सरसकट परदेशी धरून टॅक्स लावला. त्यांनी आरडाओरडा केला, आणि १४४२ मध्ये टॅक्स पुन्हा मंजूर करताना आयरिश आणि चॅनेल आयलंड्सच्या लोकांना वगळलं. म्हणजे दोन वर्षांत तोच माणूस, तेच घर, तीच गल्ली, पण आधी परका आणि मग आपला.

ह्याशिवाय मठातले साधू-साध्वी सुटले, लहान मुलं सुटली, आणि इंग्रज किंवा वेल्श नवऱ्याच्या परदेशी बायका सुटल्या. उलट बाजूने सूट नव्हती, म्हणजे बायको इंग्रज असली तरी नवरा परदेशी तो परदेशीच.

आणि एक शब्दाची गडबड सांगून ठेवतो. लंडन शहरात 'फॉरिन' हा शब्द परदेशी माणसासाठी नव्हताच! शहराच्या व्यापारी संघटनांचा मेंबर नसलेला कुठलाही बाहेरगावचा इंग्रज म्हणजे 'फॉरिन'. समुद्रापलीकडून आलेला तो 'एलियन' किंवा 'स्ट्रेंजर'. म्हणजे रेडिंगचा अस्सल इंग्रज लंडनला गेला की फॉरिनर. तेव्हा जुने कागद वाचताना फॉरिन दिसलं की लगेच परदेशी समजू नका, मी समजलो होतो.

पण कोण परदेशी हे ठरवायचं कोण? पासपोर्ट तर नव्हते.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण सगळी गोम इथेच आहे. पासपोर्ट नाही, जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही. मग करायचे काय, तर जिल्ह्याचे जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक दंडाधिकारी, गावोगावची प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून बोलवायचे, त्यांना शपथ द्यायचे आणि विचारायचे, सांगा तुमच्याकडे बाहेरचं कोण कोण राहतं. पंच सांगतील ती नावं लिहायची, बिऱ्हाडवाले एकीकडे, बिनबिऱ्हाडवाले एकीकडे. मग शेरीफ, म्हणजे राजाचा जिल्ह्यातला अधिकारी, त्या यादीवरून वसुली करणार आणि हिशोब वेस्टमिन्स्टरला खजिन्यात देणार.

म्हणजे तुम्ही परदेशी आहात का हे राजा ठरवत नव्हता, कायदाही नाही, तुमचा शेजारी ठरवत होता. तो चार लोकांत उभा राहून म्हणणार की हो, आमच्या गल्लीतला तो चांभार बाहेरचा. वीस वर्षं त्याच्याकडून जोडे शिवून घेतले असतील, पोरांच्या बारशाला गेला असेल, तरी म्हणणार. किंवा नाही म्हणणार! कारण पंच काय बोलतात ते त्यांच्या मर्जीवर होतं, आणि आवडत्या माणसाचं नाव घ्यायचं विसरणं काही अवघड नाही.

त्या याद्यांमधली नावं बघितली की हे जास्त कळतं. बऱ्याच जणांचं आडनाव पंचांना माहीतच नसायचं, किंवा उच्चारता येत नसायचं, मग लिहून टाकायचे जॉन फ्रेंचमन, जॉन स्कॉट, किंवा नुसतंच अमक्याचा नोकर तमका. काही ठिकाणी तर नावही नाही, फक्त कोणाकडे कामाला आहे तेवढं. हॉलंड, फ्लँडर्स, जर्मनी, ब्राबंट कुठलाही असो, शब्द एकच, 'डच', त्यांच्या जुन्या स्पेलिंगमध्ये 'डोचे'सारखा काहीतरी. आपल्याकडे तमिळ, तेलुगू, मल्याळी, कन्नड सगळ्यांना सरसकट 'मद्रासी' म्हणणारे काका असतात ना, अगदी तसं.

हे सगळे व्यापारी होते ना? इटालियन सावकार वगैरे?

मलाही आधी तसंच वाटायचं, पण नाही. पहिल्या फेरीत, १४४० मध्ये, पंधरा हजारांच्या आसपास लोकांची नावं लिहिली गेली आणि त्यातले बहुतेक साधे कष्टकरी होते, घरगडी, मोलकरणी, शेतमजूर, विणकर, चांभार, शिंपी, सोनार. आणि फक्त लंडनमध्ये नाही, आडवळणाच्या खेड्यांतही. ह्याचं कारण शंभरेक वर्षं मागे आहे. १३४८-४९ च्या प्लेगनं इंग्लंडची निम्म्याच्या आसपास माणसं नेली आणि त्यानंतर साथी येतच राहिल्या, त्यामुळे हाताला माणूस मिळेना आणि मजुरी वाढली, मग जवळपासच्या देशांतून लोक येणारच. उत्तरेत स्कॉटिश, दक्षिण किनाऱ्याला फ्रेंच, लंडन आणि पूर्वेकडे 'डच', ब्रिस्टलकडे आयरिश. ब्रिस्टलला आणि हल नावाच्या बंदरात आइसलंडची माणसं पण सापडतात, माशांच्या व्यापाराच्या जहाजांवरून आणलेले नोकर, त्यातली बरीच कोवळी पोरं. इटालियन होते, पण मूठभर, लंडन, साउथॅम्प्टन, सँडविच अशा बंदरांत. पैसा त्यांच्याकडे आणि शिव्याही त्यांनाच जास्त.

लोक टॅक्स चुकवायचे का?

हे काय विचारणं झालं! पहिल्या वर्षी लोक बेसावध होते म्हणून याद्या भरघोस निघाल्या. नंतरच्या वर्षांच्या याद्या झपाट्याने रोडावल्या, अमका गाव सोडून गेला, तमका वारला, ह्याच्याकडे जप्त करण्यासारखं काहीच नाही, असे शेरे. बिनबिऱ्हाडवाले तर पाखरासारखे, आज ह्या मालकाकडे, उद्या दुसऱ्या जिल्ह्यात, आणि ६ पेन्ससाठी शेरीफचा माणूस किती पळणार.

मग राजाला मिळाले किती?

गणितच करू. पंधरा हजार लोकांनी सगळ्यांनी १६ पेन्सच भरले असं धरलं तरी १,००० पौंड होतात, आणि खरे भरणारे बहुतेक ६ वाले, त्यात बुडवणारे वेगळे. युद्धाच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. म्हणून मला वाटतं की पैशापेक्षा 'आम्ही ह्यांच्याकडून वसूल करतोय' हे दाखवण्यात जास्त रस होता.

पुढे त्यांनी दर बदलले ते मात्र पैशाच्या दिशेने. १४४९ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांना वेगळा दर लावला, ६ शिलिंग ८ पेन्स. १४५३ मध्ये तर बिऱ्हाड असलेल्या व्यापाऱ्याला वर्षाला ४० शिलिंग आणि नसलेल्याला २०, आणि हे राजा जिवंत असेपर्यंत. १६ पेन्सवरून ४० शिलिंग म्हणजे ३० पट!

व्यापाऱ्यांना आधी काही टॅक्सच नव्हता का?

होता, पण तो मालावर होता, जकात. ह्यात मुख्य नाव १३०३ चा 'कार्ता मर्काटोरिया'. पहिल्या एडवर्डनं परदेशी व्यापाऱ्यांशी सरळ सौदा केला की तुम्ही इंग्रजांपेक्षा जास्त जकात द्या, लोकरीच्या पोत्यामागे नेहमीच्या ६ शिलिंग ८ पेन्सवर आणखी ३ शिलिंग ४ पेन्स, दारूच्या पिंपामागे २ शिलिंग, इतर मालावर पौंडामागे ३ पेन्स, आणि त्याबदल्यात मी तुम्हाला संरक्षण देतो, पूल, रस्ता, गावकूस ह्यांच्या पट्ट्या माफ करतो, आणि कोर्टात तुमचा खटला असेल तर निम्मे पंच तुमच्यासारखेच परदेशी बसवतो. स्थानिक व्यापारी अर्थातच भडकले. दुसऱ्या एडवर्डच्या काळात १३११ ला हा करार स्थगित करायला लावला आणि १३२२ ला परत चालू झाला.

आणि आता गंमत बघा. १३४७ पासून निर्यातीच्या साध्या कापडाच्या ताग्यावर जकात अशी होती: इंग्रजाला १४ पेन्स, परदेशी माणसाला २ शिलिंग ९ पेन्स, आणि हान्साच्या, म्हणजे उत्तरेकडच्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, जर्मन व्यापाऱ्यांना १२ पेन्स. परत वाचा, १२! म्हणजे हे परदेशी इंग्रजांपेक्षा कमी भरत होते, स्वतःच्या इंग्लंडमध्ये इंग्रज जास्त भरत होता. कारण हान्साची शहरं एकत्र होती, जुने करार घट्ट धरून बसलेली होती, आणि बाल्टिक समुद्रातला इंग्रजांचा व्यापार त्यांच्या हातात होता. लंडनला थेम्सच्या काठावर त्यांची 'स्टीलयार्ड' नावाची स्वतःची वसाहत होती, आता तिथे कॅनन स्ट्रीट स्टेशन आहे. परदेशी असणं आणि गरीब परदेशी असणं ह्यात फरक आहे तो असा.

परदेशी व्यापाऱ्याला कुठेही राहता यायचं का?

१४३९-४० च्या त्याच पार्लमेंटनं हाही कायदा केला की बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याने एका इंग्रज व्यापाऱ्याच्या नजरेखाली राहायचं. त्याला 'होस्ट' म्हणायचे, यजमान, पण पाहुणचार वगैरे विसरा. ह्या यजमानानं पाहुण्याचा प्रत्येक सौदा वहीत लिहायचा, काय आणलं, कोणाला विकलं, त्या पैशातून काय घेतलं, आणि ती वही खजिन्यात द्यायची. आणलेला माल आठ महिन्यांत विकायचा. यजमानाला ह्या कामाचे पौंडामागे २ पेन्स, तेही पाहुण्याच्या व्यवहारातून! म्हणजे माझ्यावर पाळत ठेवायची फी मीच द्यायची. काही वर्षांतच ही भानगड बारगळली, पण तेव्हाच्या काही वह्या राहिल्यात आणि इतिहासवाल्यांना त्या म्हणजे घबाड आहे.

मी इथे घर भाड्याने घेताना घरमालकाने माझे व्हिसाचे कागद तपासले होते, इंग्लंडमध्ये आता तसा कायदा आहे, आणि तपासताना बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता. त्या यजमान मंडळींपैकी पण कोणी ओशाळत असेल का असं उगाच वाटून गेलं.

नागरिकत्व मिळायचं का?

विकत मिळायचं असं म्हणा हवं तर. राजाकडून 'लेटर्स ऑफ डेनिझेशन' नावाचं पत्र काढायचं, फी भरायची, निष्ठेची शपथ घ्यायची. ते मिळालं की जमीन घेता यायची. हे महत्त्वाचं, कारण परदेशी माणसाला इंग्लंडमध्ये जमिनीची मालकी नव्हतीच, घेतली तर ती राजाकडे जायची, आणि वारसाहक्कही नाही. छपाईवाला विंकिन द वर्ड माहीत असेल काही जणांना, इंग्लंडचा पहिला छापखानेवाला कॅक्स्टन, त्याचा मदतनीस, नंतर लंडनचा मोठा छापखानेवाला, त्यानं १४९६ मध्ये हे पत्र घेतलं. अर्थात तेव्हाही बारीक अक्षरातल्या अटी होत्याच. सातव्या हेन्रीनं १४८५ मध्ये असा कायदा केला की पत्र असलं तरी जकात मात्र परदेशी दरानेच भरायची. गरीब घरगड्याला ही फी कुठून परवडणार, तो आपला ६ पेन्स देत राहिला नाहीतर पळत राहिला.

परदेशी लोकांवर हल्ले व्हायचे का?

व्हायचे, आणि ह्यातलं सगळ्यात भयंकर १३८१ चं. शेतकऱ्यांचं बंड लंडनमध्ये घुसलं, तेही खरं तर एका डोईकरावरूनच पेटलं होतं, आणि १४ जूनला जमावाने फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, लोकांना हुडकून हुडकून मारलं. व्हिंट्री भागातल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये आसऱ्याला लपलेल्या ३५ जणांना बाहेर ओढून मुंडकी उडवली असं तेव्हाच्या बखरीत लिहिलंय. एका बखरीत तर असं आहे की संशयिताला 'ब्रेड अँड चीज' म्हणायला लावायचे आणि तो फ्लेमिश ढंगात बोलला की खेळ खलास. दोन साधे शब्द, रोजच्या ताटातले. मी इथे कॉफी मागताना तिसऱ्यांदा 'सॉरी?' ऐकतो तेव्हा हा प्रसंग आठवतो आणि अंगावर काटा येतो, खरंच.

नंतर १४३६ मध्ये बिअरवाल्यांवर वेळ आली. इंग्रज पितात ती 'एल', त्यात तेव्हा हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, नसायचे, आणि हॉप्स घातलेली 'बिअर' ही डच लोकांनी आणलेली. युद्ध सुरू झाल्यावर अफवा उठली की बिअर विषारी आहे, तब्येतीला वाईट. राजाला लंडनच्या शेरीफांना लेखी कळवावं लागलं की बिअर चांगली आहे आणि गाळणाऱ्यांना त्रास देऊ नका. पुढे १४८३ च्या टॅक्समध्ये ह्याच परदेशी बिअरवाल्यांना वेगळा दर लागला, २० शिलिंग, म्हणजे तोपर्यंत धंदा चांगलाच जोरात चाललेला दिसतोय.

१४५६-५७ मध्ये लंडनला इटालियन व्यापाऱ्यांची घरं लुटली. आणि १५१७ चा 'ईव्हिल मे डे', खरं तर मध्ययुग संपत आलेलं, पण धागा तोच. जॉन लिंकन नावाच्या दलालानं डॉक्टर बेल ह्या धर्मोपदेशकाला पटवून परदेशी लोकांविरुद्ध प्रवचन करायला लावलं, आणि १ मे च्या आदल्या रात्री शिकाऊ पोरांनी परदेशी वस्त्यांची तोडफोड केली. लिंकनसकट डझनावर लोकांना फाशी झाली, आणि बाकीच्या शेकडो पोरांना गळ्यात दोर अडकवून आठव्या हेन्रीपुढे उभं केलं आणि माफ केलं.

ज्यू लोक ह्यात कुठे येतात?

ते परदेशी टॅक्सच्या यादीत नाहीत, कारण यादी १४४० ची आणि ज्यूंना पहिल्या एडवर्डनं १२९० मध्येच देशाबाहेर काढलं. त्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त काळी आहे. ते इंग्लंडमध्येच जन्मलेले असले तरी राजाची खासगी मालमत्ता समजले जायचे, राजाला वाटेल तेव्हा वाटेल तेवढा कर, त्यासाठी खजिन्याची स्वतंत्र शाखा. १२७५ च्या कायद्याने सावकारी बंद केली, सात वर्षांवरच्या प्रत्येकाला कपड्यावर पिवळा बिल्ला सक्तीचा केला, आणि बारा वर्षांवरच्याला दर ईस्टरला राजाला ३ पेन्स द्यायला लावले. बारा वर्षं वय आणि माणशी ठरावीक पेन्स, हा साचा ओळखीचा वाटतोय ना. पिळून पिळून द्यायला काही उरलं नाही तेव्हा हाकललं.

कोर्टात परदेशी माणसाला दाद मिळायची का?

कधीकधी मिळायची, निदान मागता तरी यायची. निम्मे परदेशी पंच ही सोय वर आली, ती कायद्यात १८७० पर्यंत टिकून होती. शिवाय चॅन्सलरकडे, म्हणजे राजाच्या बड्या मंत्र्याकडे, अर्ज करता यायचा. साउथॅम्प्टनची मारिया मोरियाना नावाची एक बाई आहे, एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडे नोकर, नावावरून बहुधा काळी किंवा मूर असावी. मालकाने तिला २० पौंडांना दुसऱ्याला विकायचा घाट घातला, इंग्लंडमध्ये, आणि भाषा कळत नाही ह्याचा फायदा घेऊन तिला एका कागदात अडकवलं. तिने चॅन्सलरकडे तक्रार केली. तक्रारीचा कागद आहे म्हणून आपल्याला ती माहीत आहे, नाहीतर ती पण 'अमक्याची नोकर' म्हणूनच राहिली असती.

ह्या याद्या आज बघता येतात का?

हो, आणि फुकट. मूळ चर्मपत्रं लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. यॉर्क विद्यापीठ आणि इतरांनी मिळून १३३० ते १५५० मधल्या ६४,००० हून जास्त परदेशी लोकांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये टाकल्यात, २०१५ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला. जिल्हा, गाव, धंदा, देश कशानेही शोधता येतं. मी अर्थातच आधी बर्कशायर टाकलं, माझा जिल्हा, आणि मग रात्रीचे दोन वाजेपर्यंत नोकर, नोकर, चांभार, नोकर, असं खाली खाली वाचत गेलो. तुम्ही इंग्लंडमध्ये कुठे राहत असाल तर तुमच्या गावाचं नाव टाकून बघा, आणि जमलं तर शनिवारी टाका, सोमवारी ऑफिस असताना नको.